किती वेळ, किती वेळा

सूनबाईला संख्याशास्त्रात मदत करायची असं नानांनी ठरवलं, तेव्हा तिने ती मागितलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे काही झालं त्यानंतर इमारतीतला जो तो जिना चढता चढता एकच प्रश्न विचारत होता, "पण नानांना सांगितलं कोणी होतं?" कोणीही सांगितलं नव्हतं. नाना आपण होऊन पुढे झाले होते. ते नेहमीच आपण होऊन पुढे होत.

नाना चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लेखक छापण्याआधी आणि लोक छापल्यानंतर वाचतात, असं ते म्हणत. मधलं वाचन त्यांच्या एकट्याचं. त्यांच्या नजरेखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला कधी शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरात भिंतीवर पदव्या असतात, नानांच्या घरात ही एक वाक्याची पदवी होती आणि ती भिंतीवर नसून सतत त्यांच्या तोंडात असे. निवृत्तीनंतर तपासायला मजकूर मिळेना, म्हणून त्यांनी इमारतीच्या सूचनाफलकावर लक्ष केंद्रित केलं. "उद्या पाणि येणार नाही" ही सूचना त्यांनी लाल पेन्सिलीने दुरुस्त केली. पाणी तरीही आलं नाही, पण दीर्घ वेलांटीसकट आलं नाही.

सूनबाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची. बढतीसाठी एक परीक्षा होती. तिचे सगळे विषय सुटले होते, संख्याशास्त्र राहिलं होतं. त्यात ती एकदा गचकली होती आणि ही शेवटची खेप होती.

"या वेळी गेलं तर माझ्याहून सात वर्षांनी लहान मुलगी माझी वरिष्ठ होणार," ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माईंना सांगत होती. "ती आत्ताच मला 'अहो ताई' म्हणते. उद्या 'अगं ताई' म्हणेल."

"आणि काय करायचंय त्या परीक्षेत?" माईंनी विचारलं. माई म्हणजे नानांच्या पत्नी. त्यांचा उजवा गुडघा दुखरा होता आणि घर चौथ्या मजल्यावर होतं, या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

"प्रकल्प. दोन यादृच्छिक चल निवडायचे. एक खंडित, एक अखंडित. चौदा दिवस निरीक्षणं घ्यायची, मूळ नोंदतक्ते जोडायचे, मग तोंडी परीक्षा. आणि माझी ड्यूटी सकाळी सात ते चार. मी निरीक्षण कधी करू?"

आतल्या खोलीत नाना वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे त्यातल्या चुका मोजत होते. 'निरीक्षण' हा शब्द कानावर पडताच ते बाहेर आले.

"निरीक्षण माझ्यावर सोड. आयुष्यभर दुसरं काय केलं?"

"केलं," माई म्हणाल्या. "घरातलं सोडून सगळ्याचं."

नानांनी हा शेरा वगळला. "मला फक्त सांग, हा यादृच्छिक चल म्हणजे काय प्रकरण आहे?"

सूनबाईने इमारतीतलंच उदाहरण घेतलं, कारण ते रोज अंगावर येत होतं. "आपली लिफ्ट बघा. दिवसातून ती किती वेळा बंद पडेल, हे आधी सांगता येत नाही. शून्य वेळा, एकदा, दोनदा, तीनदा. मोजता येतं. हा खंडित चल. मधलं काही नसतं. लिफ्ट अडीच वेळा बंद पडत नाही."

"पडते," नाना म्हणाले. "परवाच पडली. दोनदा बंद पडली आणि तिसऱ्यांदा पडता पडता राहिली."

"ते दोनच, नाना. आता दुसरा चल. बंद पडल्यावर ती किती वेळ बंद राहते? पाच मिनिटं, साडेपाच मिनिटं, साडेपाचच्याही अलीकडे पलीकडे, कितीही. इथे मोजायचं नाही, मापायचं. हा अखंडित."

 नानांच्या चेहऱ्यावर ते तेज चढलं, जे पूर्वी पहिल्याच पानावर लेखकाची चूक सापडली की चढे.

"म्हणजे एक 'किती वेळा' आणि एक 'किती वेळ'! अगं, एवढ्यासाठी तू गचकलीस? एका कान्याचा तर फरक आहे!"

सूनबाई पुस्तकातून वर बघायला लागली. सहा महिने वर्गात बसून जे तिला धड सांगता येत नव्हतं, ते सासऱ्यांनी एका अक्षरात सांगितलं होतं. त्या आनंदात तिने नानांना होकार दिला. माणूस आनंदात असताना सह्या करतो, त्यातलाच हा प्रकार.

नानांनी त्याच दुपारी स्वहस्ते नोंदतक्ता आखला. समासात तारीख, मग लिफ्ट बंद पडण्याचे दोन रकाने, शेवटी 'शेरा'. खाली ठळक सूचना: "पहिल्या दोन रकान्यांत फक्त आकडा लिहावा. शुद्धलेखन पाळावे." कोपऱ्यात सही आणि शब्द: "तपासले. बरोबर आहे." मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रती काढल्या आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी एकेक तक्ता, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीसकट, टांगला.

सल्ले तासाभरात सुरू झाले. तळमजल्यावरचे वकील लिफ्ट कधीच वापरत नसत, त्यामुळे त्या विषयावर ते सर्वांत मोकळेपणाने बोलत.

"यादृच्छिक चल?" ते चष्मा वर ढकलत म्हणाले. "चल म्हणजे हलणारं ना, नाना? मग आपली लिफ्ट त्यात बसत नाही."

पाचव्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंचं म्हणणं पडलं की, खरं निरीक्षण आवाजाचं करायला हवं. लिफ्ट बंद पडण्याआधी काळी चारमध्ये कण्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलंही, आणि नानांनी 'कण्हते'मधला ण तेवढा दुरुस्त केला. चेअरमन तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांनी आधी कमिटीची परवानगी मागितली, मग कमिटी म्हणजे आपणच असल्याचं आठवून ती दिली, आणि शेवटी कल्पना त्यांचीच होती असं सांगायला सुरुवात केली.

"दोन वर्षं आपण लिफ्टच्या सरकारी कार्यालयाला पत्रं लिहितोय, नाना. उत्तर काय येतं? 'आकडेवारी जोडावी.' आता जोडतो म्हणावं! तोंडं बंद करतो एकेकाची!"

नानांनी तळमजल्यावर लिफ्टसमोर खुर्ची टाकली. व्यायामशिक्षक असलेल्या भाच्याकडून थांबघड्याळ आणलं. लिफ्ट अडकली की कळ दाबायची, सुटली की पुन्हा दाबायची. संध्याकाळी सूनबाई थकून आली की तिला आकडे ऐकवायचे.

"आज सकाळी एकोणीस मिनिटं, चार सेकंद आणि सत्तावीस शतांश," नाना म्हणाले. "अगदी नेमका वेळ."

"नेमका नाही, नाना. घड्याळ शतांशापर्यंतच दाखवतं म्हणून तसं वाटतं. त्याच्यापुढेही आहेच की. अखंडित चलाची नेमकी अमुकच किंमत येण्याची संभाव्यता शून्य असते."

"शून्य?"

"शून्य."

"म्हणजे लिफ्ट बंद राहिलीच नाही?"

"राहिली की."

"किती वेळ?"

"जेवढा राहिली तेवढा."

"आणि तेवढाच वेळ बंद राहण्याची शक्यता?"

"शून्य. म्हणून अमुक ते तमुक यांच्या दरम्यान, असं विचारायचं असतं. अठरा ते वीस मिनिटांच्या दरम्यान."

 लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी गेली दोन वर्षं फोनवर हुबेहूब हेच उत्तर देत होती, "माणूस दहा ते सहाच्या दरम्यान येईल," आणि नानांचा आजवर असा समज होता की ते लोक टाळाटाळ करतायत. ते संख्याशास्त्र होतं.

चौदा दिवस असे गेले. रोज संध्याकाळी नाना पाचही मजल्यांवर फिरून तक्ते तपासत. तपासत म्हणजे शेरे तपासत. 'दुरूस्ती'तला दीर्घ रू ऱ्हस्व केला, 'कंटाळलो'वरचा हरवलेला अनुस्वार परत बसवला. आकड्यांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. आकड्यांना काना-मात्रा नसते, त्यामुळे त्यांच्याकडे पाहायची सवयच चौतीस वर्षांत लागलेली नव्हती.

पंधराव्या दिवशी, म्हणजे सोमवारी सकाळी, चेअरमन बेरजेला बसले. "नाना, पहिला रकाना 'वेळा' ना?"

"पहिला वेळा, दुसरा वेळ," नाना म्हणाले. "सगळं तपासलेलं आहे."

चेअरमननी पाचही तक्त्यांच्या पहिल्या रकान्याची बेरीज केली आणि ती कार्यालयाच्या छापील अर्जात 'चौदा दिवसांत किती वेळा बंद पडली' यापुढे भरली. चारशे बारा. त्यांना आकडा जरा भरघोस वाटला, पण स्वतःच्या बाजूचा आकडा भरघोस असला की माणूस तो पुन्हा मोजत नाही. खाली नानांनी सवयीने लिहिलं, "तपासले. बरोबर आहे." त्या दुपारी अर्ज गेला.

ज्या कार्यालयाने दोन वर्षांत एक माणूस पाठवला नव्हता, त्याने मंगळवारी दहा वाजता तीन पाठवले.

"दिवसाला सरासरी साडेएकोणतीस वेळा बंद पडते?" निरीक्षकाने लिफ्टकडे, अंगावर येणाऱ्या जनावराकडे बघावं तसं बघितलं. "माणसं आत बसतात हिच्यात? जिवंत बाहेर येतात?"

कोणी काही म्हणायच्या आत दाराला साखळी, साखळीला कुलूप, कुलपावर लाख. वर एक कागद: 'धोकादायक. वापर केल्यास कारवाई.'

त्या क्षणापासून लिफ्ट एकदाही बंद पडली नाही. वकिलांनी ही गोष्ट जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेला आणून दिली. पाचव्या मजल्यावर गाण्याच्या बाईंचे विद्यार्थी वर पोहोचत तेव्हा त्यांच्यात गाण्यापुरता श्वास उरलेला नसे. आणि माई चौथ्या मजल्यावर अडकल्या. गुरुवारी त्यांची गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायची वेळ होती. त्यांनी फोन करून ती पुढे ढकलली आणि नानांना एक अक्षर बोलल्या नाहीत. नानांना अक्षर न बोललेलं फार लागे.

खरा दणका बुधवारी बसला. शुक्रवारी प्रकल्प द्यायचा म्हणून सूनबाईने रजा काढली आणि पाच तक्ते टेबलावर पसरले. मिनिटभराने ती म्हणाली, "नाना, जरा इकडे या. हा पहिला रकाना मोठ्याने वाचा."

नानांनी चष्मा लावला. "लिफ्ट किती वेळ बंद पडली."

"आणि दुसरा?"

"लिफ्ट किती वेळ बंद होती."

 पहिल्या रकान्यात लोकांनी इमानेइतबारे मिनिटं लिहिली होती. दुसऱ्या रकान्यातही मिनिटंच. चारशे बारा वेळा नव्हे, चारशे बारा मिनिटं.

"काना गेला," नाना पुटपुटले. मग एकदम ताठ झाले. "झेरॉक्सवाल्या बाईने घालवला!"

"नाना, झेरॉक्समध्ये काना गळत नाही."

पण नाना तोवर जिन्यात होते. चार मजले उतरून, रस्ता ओलांडून ते दुकानात गेले आणि तिथेच राहिलेली मूळ प्रत त्यांनी काढायला लावली. दुकानातल्या बाईंनी ती शोधून काचेवर ठेवली. नानांचंच अक्षर, नानांच्याच पेन्सिलीच्या रेघा, आणि 'तपासले'वर नानांच्याच कपाचा गोल डाग.

"काका, माझं यंत्र चहाचा डाग सोडत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "काना कुठून सोडेल?"

नाना चार मजले चढून परत आले. दोन ठिकाणी थांबले. घरात शिरताना त्यांना वाटत होतं की, सूनबाई रागावेल आणि मग आपल्यालाही रागावता येईल. ती रागावली नाही. ती डोळे पुसत होती.

"वेळेचे आकडे आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "वेळांचे नाहीत; तुम्ही रोज ऐकवलीत तीही मिनिटंच. म्हणजे खंडित चलच नाही. आणि मूळ तक्ते जोडावेच लागतात. परीक्षक पहिल्याच पानावर बघणार की हिने दोन्ही रकान्यांत एकच विचारलंय. ज्या फरकासाठी मागच्या वेळी गचकले, तोच फरक या वेळी ठळक अक्षरात चुकवलाय."

माई कपाटाकडे गेल्या. दाराच्या आतल्या बाजूला लटकवलेली दिनदर्शिका त्यांनी काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. कुठे एक, कुठे तीन, कुठे काहीच नाही.

"हे काय, माई?"

"घंटा," माई म्हणाल्या. "लिफ्ट अडकली की आतला माणूस घंटा वाजवतो ना? वाजली की मी एक रेघ मारते. खाली उतरायचं असलं की आधी बघायचं, आज हिचा रंग काय आहे. दोन वर्षं मारतेय."

सूनबाईने त्या चौदा दिवसांच्या रेघा मोजल्या. तेवीस. पुन्हा मोजल्या. तेवीस. सुरेख, पूर्णांक, खंडित तेवीस.

"दोन वर्षं?" नाना म्हणाले. "मला कधी दिसल्या नाहीत."

"रेघांना काना-मात्रा नसते," माई म्हणाल्या.

खंडित चल मिळाला. राहिला तो पहिल्या पानावरचा रकाना. आणि राहिली ती लाखबंद लिफ्ट. तिच्यासाठी गुरुवारी नाना आणि चेअरमन कार्यालयात गेले. दारावर 'उद्वाहन निरिक्षण कार्यालय' अशी पाटी होती. नानांचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि, घडायचं नाही ते घडलं, रिकामा परत आला.

"सील उघडायचं तर फेरतपासणी लागेल," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"मग करा."

"फेरतपासणीला लिफ्ट चालू पाहिजे."

"ती तुम्ही सील केलीय."

"म्हणून तर फेरतपासणी होत नाही." बाईंना यात काही वावगं दिसलं नाही. "नाहीतर मग मूळ अर्जात चूक होती, असं शुद्धिपत्र द्या. ज्यांनी तपासलं त्यांच्या सहीचं. उघडून देतील पाच-सहा दिवसांत."

चेअरमननी नानांकडे बघितलं. नानांनी छताकडे.

"नाना, लिहून टाका. दोन ओळींचा तर मामला."

"तुम्हाला दोन ओळी दिसतात," नाना म्हणाले. "मला चौतीस वर्षं दिसतात."

 परतताना जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत थांबले असताना नानांच्या मनात आलं की, चुकीचा माल छापला गेला तर दोषी कोण, यावर आपण खिळे जुळवणाऱ्या तरुण जुळाऱ्यांना व्याख्यानं दिली आहेत. दोषी तपासनीस. कारण शेवटची सही त्याची. हे वाक्य आपणच शोधून काढलं, याचा त्यांना त्या जिन्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

त्या संध्याकाळी त्यांनी कोरा कागद घेतला आणि वर मधोमध लिहिलं: शुद्धिपत्र. मग खाली:

"दि. ३ ते १६ या काळातील नोंदतक्त्यांत पहिल्या रकान्यात 'किती वेळ' असे छापले आहे. त्याऐवजी 'किती वेळा' असे हवे होते. 'वेळा' मोजतात, 'वेळ' मापतात. पहिला खंडित, दुसरा अखंडित. हा फरक सदर विद्यार्थिनीस ठाऊक होता व तिने तो मला समजावून दिला होता. लिहिताना काना मी विसरलो, व तपासतानाही मीच विसरलो. पहिल्या रकान्यातील आकडे मिनिटांचे समजावेत व वेळांसाठी सोबतच्या दिनदर्शिकेतील रेघा ग्राह्य धराव्यात. त्या माझ्या पत्नीने मारल्या असून बरोबर आहेत."

सही केली. 'तपासले' लिहिण्यासाठी पेन्सिल टेकवली, थांबले, आणि कागद सूनबाईपुढे सरकवला. "तू वाच एकदा. मग माईला वाचायला दे."

दोन प्रती निघाल्या, त्याच दुकानात. एक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर चिकटली, एक कार्यालयात गेली.

पुढच्या गुरुवारी सकाळी लाख फुटली. दुपारी माईंना डॉक्टरांकडे न्यायला नाना स्वतः निघाले. दोघं आत शिरली, नानांनी जाळीचा दरवाजा ओढला, कळ दाबली. लिफ्ट काळी चारमध्ये कण्हली आणि तिसऱ्या-दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये उभी राहिली.

माईंनी हात लांब करून घंटा वाजवली. "घरी गेल्यावर आठवण करा," त्या म्हणाल्या. "एक रेघ मारायची आहे."

तेवढ्यात खालून चपलांचा आवाज आला. सूनबाई दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर येत होती. जाळीतून तिला आधी चार पावलं दिसली आणि मग ती मान उंचावून वर बघायला लागली.

"नाना! माई! तोंडी परीक्षा झाली. पास!"

"काय विचारलं?" नानांनी आतून ओरडून विचारलं.

"काहीच नाही! परीक्षकांनी तुमचं शुद्धिपत्र दोनदा वाचलं. म्हणाले, खंडित-अखंडितची व्याख्या यांनीच केलीय, आता तुम्ही फक्त ही रेघांची सरासरी काढून दाखवा. काढली. एकसष्ट मार्क!"

"नुसते एकसष्ट? साडेएकसष्ट तरी?"

"मार्क खंडित असतात, नाना!"

"तू आधी लिफ्टवाल्यांना फोन कर," माई म्हणाल्या. "डॉक्टर चारला निघतात. अहो, किती वेळ लागेल हो?"

नानांनी सवयीने खिसे चाचपले. थांबघड्याळ भाच्याला परत गेलं होतं. त्यांनी माईंना रेलायला खांदा दिला आणि चौतीस वर्षांत प्रथमच न तपासता उत्तर दिलं.

"दहा ते सहाच्या दरम्यान."